मागून गाडी!

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "सायकल येते का?" मी म्हटलं, येते. दुसरा प्रश्न, "ओरडता येतं का?"

मी अकोल्याहून पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करायला आले होते आणि पहिलं अख्खं सेमिस्टर चार मुलींच्या अपार्टमेंटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात गादी टाकून काढलं होतं. स्वतःची खोली मिळत असेल तर मी गाऊनसुद्धा दाखवलं असतं. तरी विचारलं, "ओरडता म्हणजे कसं?"

"म्हणजे ओरडून दाखव," असं म्हणून काका हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि माझ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

शाळेत मी खो-खोची कॅप्टन होते. डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून एक "खोऽऽ" दिला. आत स्वयंपाकघरात काहीतरी स्टीलचं पडलं. काकू हातात पळी घेऊन धावत बाहेर आल्या. काका मात्र प्रसन्न चेहऱ्याने वळले आणि म्हणाले, "हिला खोली द्या."

"आधीच्या मुलालाही असंच ओरडायला लावलं होतं," काकू मला म्हणाल्या. "तो जो गेला तो परत आलाच नाही. तू येशील ना गं?"

मी गेले आणि राहिले. डिग्री मिळेपर्यंत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. आता तिथून काही तासांवर हर्नडनला नोकरी करते, रोज हायवेवर गाडी घालते आणि दोन्ही बाजूंनी ट्रक घोंगावत गेले की हटकून काकांची आठवण येते. कारण त्या माणसाचं जगात एकाच गोष्टीशी वाकडं होतं, ती म्हणजे आवाज.

काका मूळचे इचलकरंजीचे. घराच्या खालच्या मजल्यावर वडिलांचे यंत्रमाग, वर हे झोपणार, जेवणार, अभ्यास करणार. पुढे इंजिनियर होऊन अमेरिकेत आले ते एका कारखान्यात, कंप्रेसरच्या टेस्टिंगवर. "लूमच्या खडखडाटात जन्मलो, कंप्रेसरच्या घरघरीत रिटायर झालो," ते म्हणायचे. "आता उरलेल्या आयुष्यात मला कोणी आवाज ऐकवू नये." आणि हे वाक्य ते अशा आवाजात म्हणायचे की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मागांच्या गावची माणसं मोठ्यानेच बोलतात, असं काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं.

कंपनीने त्यांना एकदा कामासाठी फ्रान्सला पाठवलं होतं. मध्ये रविवार आला, कारखाना बंद. हॉटेलवाल्या बाईंनी अडगळीतली एक सायकल काढून दिली. काका दुपारभर शेतांमधून फिरले आणि परत आले ते वेगळेच होऊन. तेव्हापासून जमेल त्या वर्षी जूनमध्ये फ्रान्स. पॅरिस त्यांनी विमानतळापलीकडे पाहिलेलं नाही. कोणी "आयफेल टॉवर?" असं विचारलं तर "लांबून दिसला असेल, मी झोपलो होतो," म्हणायचे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिकडच्या कागदी नकाशावर उभं होतं. त्या नकाशात मोठे रस्ते लाल असतात, मधले पिवळे आणि अगदी बारके, शेताशेतातून जाणारे, पांढरे. काका सांगायचे, "लाल रस्ता ट्रकचा. पिवळा रस्ता घाई असलेल्यांचा. पांढरा आपला." पेन्सिल्व्हेनियाचा असा नकाशा मिळेना, तेव्हा त्यांनी आमच्या गावाबाहेरच्या खोऱ्यातले सगळे शांत रस्ते स्वतः हुडकले आणि तेही पांढरे म्हणून जाहीर केले. त्यामुळे "आज कुठे?" या प्रश्नाला आमच्या घरात "पांढऱ्यावर" एवढंच उत्तर असायचं. नव्या पाहुण्यांना वाटायचं, काका कुठल्यातरी व्यसनाबद्दल बोलतायत. एका अर्थी बरोबरच होतं म्हणा.

रविवारी सकाळी भाडेकरूने काकांबरोबर सायकलवर जायचं ही अट होती. धूम्रपान नको, चपला दारात, आणि रविवार. काका निघायचे ते लग्नाला निघाल्यासारखे. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पँटीच्या पायांना दोरीवरचे कपड्यांचे चिमटे. सायकल जुनी, लोखंडी, वजनदार. पुढच्या पिशवीत एक डबा. डब्यात पोळी असली तर उत्तमच, फ्रान्समध्ये त्यांचा तो लांबलचक पाव. पण आत लोणी आणि कांदा-लसूण मसाला हे ठरलेलं. फ्रान्सचं लोणी देवाने इचलकरंजीच्या मसाल्यासाठीच निर्माण केलं, यावर त्यांची श्रद्धा होती.

नियम पुष्कळ. चढ आला की उतरून चालायचं, कारण "सायकललाही दम लागतो". पुढच्याला गाठायचं नाही. "तो पुढे आहे कारण तो आधी निघाला. त्यात आपला अपमान काय?" चालत्या सायकलवर गप्पा नाहीत. गप्पा थांबल्यावर, आणि त्या समोरासमोर बसून. मी एकदा दमून त्यांच्या शेजारी बाकावर टेकले तर म्हणाले, "अशी तोंड लपवून काय बसतेस? समोर ये." आणि सगळ्यात मोठा नियम असा की काका पुढे, मी मागे. मागच्याने कान उघडे ठेवायचे. गाडी येताना ऐकू आली की "मागून गाडी!" असं ओरडायचं. पुढच्याने डावा हात वर करायचा, म्हणजे कळलं, आणि रस्त्याच्या कडेला सरकायचं. ओरडण्याची परीक्षा त्यासाठी होती.

मी पहिल्यांदा निघाले त्या दिवशी काकांचा हात सारखाच वर जात होता. मी बावचळले. गाडी नाही, मी ओरडले नाही, मग हात कशाला? थांबल्यावर विचारलं तर म्हणाले, "त्या गाईंना केला." मग कळलं की काका सगळ्यांनाच हात करतात. गाईंना, टपालपेट्यांना, मोटार न वापरणाऱ्या अमिश लोकांच्या घोडागाड्यांना आणि त्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांना, चर्चला, बुजगावण्याला. "ते आपल्याला रस्ता देतायत, एक हात करायला काय जातं?" मला हे फार आवडलं. मी आईला फोनवर सांगितलं, "अगं, आमचे काका टपालपेटीलासुद्धा नमस्कार करतात." आई म्हणाली, "अमेरिकेत राहून डोक्यावर परिणाम होतो का गं?"

काकू या प्रकारात कुठेच नसायच्या. काकूंचा सायकलवर राग होता. काका दरवर्षी त्यांना म्हणायचे, "एकदा बसून तर बघ." काकू कणकेचा गोळा थापत म्हणायच्या, "एकदा बसले होते. त्याचं फळ अजून भोगतेय." हा त्यांच्यातला जुना विनोद असावा असं मला वाटायचं, कारण त्यानंतर दोघंही हसायचे आणि काही सांगायचे नाहीत.

मुलगी लांब, फ्रिस्को नावाच्या गावी. तिचं नाव घरात क्वचित निघायचं. काका तिला फ्रिस्कोच म्हणायचे. "फ्रिस्कोचा फोन आला होता. फ्रिस्को चिडलीय." एका थंडीत काका दारातल्या उतारावर सायकलवरून घसरले, मनगट दुखावलं, तेव्हा फ्रिस्को खरोखरच चिडली होती. मी टेबलाशी जेवत असताना स्पीकरवर तिचा आवाज आला होता, "बाबा, वन मोअर थिंग अँड द बाइक इज गॉन. आय मीन इट. मी येऊन स्वतः डोनेट करणार." ती वडिलांवर जीव टाकणारी मुलगी होती, म्हणून तिचा राग खरा होता. काका त्या दिवशी जेवता जेवता थांबले आणि ताटातली चटणी बोटाने इकडून तिकडे करत राहिले.

त्याच वर्षी जूनमध्ये माझी फ्रान्समध्येच ल्योंला कॉन्फरन्स लागली. काकांना कोण आनंद! "मग पुढचा आठवडा आमच्याकडे. मला मागे माणूस हवाच आहे." तिथल्या बर्गंडी भागाच्या दक्षिणेला एका खेड्यात ते दरवेळी तेच छोटं घर आठवड्यासाठी घ्यायचे. मी ट्रेनने पोचले तर काकू फ्रेंच गॅसवर पोह्यांना फोडणी देत होत्या आणि काका अंगणात सायकलच्या खोक्यातून त्यांची लोखंडी सायकल बाळंतिणीला उठवावं तसं हळूच बाहेर काढत होते.

आणि मग तो प्रदेश! मी कॉन्फरन्समध्ये चार दिवस एसीत बसून आले होते. सकाळी कालव्यावरच्या सायकलवाल्याकडून माझ्यासाठी एक सायकल भाड्याने घेऊन बाहेर पडलो आणि पहिल्या पांढऱ्या रस्त्याला लागलो तेव्हा मला काका समजले. एक गाडी जाईल एवढाच रस्ता, दोन्हीकडे झुडपांची कुंपणं, पलीकडे चढउताराची कुरणं आणि त्यात पांढऱ्याशुभ्र गाई, नुकत्याच धुतल्यासारख्या. मैलच्या मैल माणूस नाही. सायकलच्या साखळीचा आवाज, मध्येच कोकिळा, कुठल्यातरी गावातली घंटा. गावात शिरलो की खिडक्यांच्या निळ्या फळ्या बंद, दुकानावर पाटी, बारा ते दोन बंद. एखादी म्हातारी कुत्र्याबरोबर उभी असायची, तिला काका मोठ्याने "बोंजूर, मादाम!" म्हणायचे. तिचा कुत्राही भुंकायचा. मी मागून बघत असायचे. पांढरा शर्ट पुढे, हात खाली, हात वर. गाईंना, चर्चला, सूर्यफुलांना.

पाण्याची कथा सांगायलाच हवी. खेड्यांत दुकानं बंद, मग बाटली भरायची कुठे? काका मला एका गावाबाहेर भिंतीआड घेऊन गेले. लोखंडी फाटक, आत थडगी. फुलांना घालायला म्हणून नळ होता. काकांनी शांतपणे बाटली लावली. मी म्हटलं, "काका, हे स्मशान आहे!" म्हणाले, "मग? पाणी जिवंत आहे ना? इथल्या सगळ्या सायकलवाल्यांना माहीत असतं, पाणी इथेच." तहान एवढी लागली होती की मीही प्यायले. गार आणि गोड पाणी. क्रुसांच्या मध्ये बाटली भरणाऱ्या काकांचा मी फोटोही काढला, आणि संध्याकाळी अतिहुशारपणे तो काकूंना दाखवला.

"हे कुठलं?"

"स्मशानातलं, काकू."

काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दोघंही बाहेर. आधी अंघोळ." बाथरूम घराच्या आत, आणि आत यायचं नाही. मग अंगणातला झाडांना पाणी घालायचा पाइप निघाला. मी कपड्यांसकट भिजले. काका पांढऱ्या शर्टात, पायाला चिमटे तसेच, पाइपखाली उभे राहून "हर हर गंगे" म्हणत होते. शेजारचे फ्रेंच आजोबा कुंपणापाशी वाइनचा ग्लास घेऊन आले आणि फार आदराने शेवटपर्यंत बघत राहिले. त्यांना तो आमचा सण वाटला असणार. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाटल्या काकू स्वतः भरून द्यायला लागल्या, वर जास्तीच्या दोन.

त्याच्यानंतरच्या दिवशी ते झालं. आम्ही एका लांब उतारावरून चाललो होतो, वारा समोरचा. मला मागे गाडी ऐकू आली. मी ओरडले, "मागून गाडी!" काकांचा हात वर गेला. पण ते कडेला सरकले नाहीत. रस्त्याच्या मधोमधच चालत राहिले. मी पुन्हा ओरडले, खो-खोच्या आवाजात. गाडी माझ्याजवळून हळू पुढे झाली, एक छोटी पांढरी व्हॅन. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आणि नेमकं तेव्हाच काकांना डावीकडे टेकडीवरचं चर्च दिसलं, म्हणून त्यांनी त्याला हात करत सायकल अजून डावीकडे घेतली. व्हॅनचे ब्रेक किंचाळले. ती त्यांच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. काकांना कळलं ते सावली अंगावर आली तेव्हा. ते दचकले, हेलपाटले आणि सायकलसकट कडेच्या खाजकुइरीसारख्या झुडपात गेले.

व्हॅनमधून एक बाई उतरली, बेकरीवाली असावी, हाताला पीठ होतं. ती रडकुंडीला येऊन काय काय बोलत होती, आणि काका झुडपातून उठत, हसून तिला म्हणाले, "बोंजूर, मादाम!" मला ते हसू बघवेना. तिने मला खुणेने विचारलं, कानाला बोट लावून. मी काकांची सायकल झुडपातून ओढून काढायला लागले.

ती गेली. काका सायकलवर बसले, मी मागे. थोडं पुढे गेल्यावर मी ओरडले, "मागून गाडी!" गाडी नव्हती. हात वर गेला नाही. मी अजून मोठ्याने ओरडले. कुरणातली गाय मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. काकांनी मात्र काही केलं नाही. मग पुढच्या वळणावर एक पिवळी टपालपेटी आली आणि त्यांचा हात सवयीने वर गेला. आणि मला सगळं एकदम समजलं. मोठ्याने बोलणं, समोर येऊन बस म्हणणं, चालत्या सायकलवर गप्पा नकोत हा नियम, आणि तो गाईंना केलेला हात. सारखा हात वर होत राहिला की त्यातला एखादा गाडीच्या वेळी होणारच, आणि मागच्याला कधी कळणार नाही. इतके दिवस मी रिकाम्या विहिरीत ओरडावं तसं ओरडत होते.

त्यांना थांबवलं. समोर उभी राहिले आणि विचारलं, "काका, कधीपासून?"

त्यांनी उगाच नाही म्हटलं नाही. झाडाला सायकल टेकवली, पिशवीतून डबा काढला, उघडला आणि परत बंद केला. "आधी कमी होतं. तू ओरडलीस की यायचं ऐकू, म्हणून तर तुला घेतली. मग तेही गेलं. या वर्षी तर..." मग डबा परत पिशवीत ठेवून म्हणाले, "जन्मभर शांत रस्ता शोधला गं. आता लाल रस्त्यावर उभा राहिलो तरी तो मला पांढराच वाटतो. पंचाईत झालीय."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. "मग आरसा तरी लावायचा."

"लावला होता गेल्या थंडीत, गुपचूप. सगळं लक्ष आरशात. पुढचा खड्डा दिसला नाही. दारातल्या उतारावर पडलो ते कशाने, असं वाटलं तुला?" मग माझा हात धरला. "फ्रिस्कोला सांगू नकोस. ती सायकल देऊन टाकेल. ती तिच्या जागी बरोबर आहे. पण मग मी दिवसभर करू काय? घरात बसू?"

"मी नाही सांगणार," मी म्हटलं, "पण मी मागे बसून खोटं ओरडणारही नाही, काका. उद्या ती बेकरीवाली वेळेत थांबली नाही तर मी जन्मभर काय करू?"

ते मान हलवून हो म्हणाले. त्या दिवशी घरापर्यंतचा सगळा रस्ता आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. एकही गाडी आली नाही.

दुसऱ्या दिवशी काका निघाले नाहीत. पायरीवर बसून साखळीला तेल देत राहिले. साखळी आधीच चकचकत होती. ऊन सुंदर पडलं होतं, गाई समोर चरत होत्या, आणि त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंपुढे उभी राहिले.

"कळलं का तुला?" काकूंनीच विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. "ह्यांना वाटतं मला माहीत नाही. अगं, आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या हे मोजायचे. लग्न झाल्यापासूनचं काम ते. हल्ली विचारलं किती झाल्या, की छताकडे बघतात आणि म्हणतात, 'झाल्या असतील तीन.' तेव्हापासून माझ्या घरी डाळ एकतर कच्ची किंवा पिठलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हे खुर्चीत बसले असते. खुर्चीत बसलेला नवरा मला नको होता." त्यांनी कोथिंबीर बाजूला सारली. "आणि काल शर्टातले काटे काढताना कळलं, मी बोलले नाही म्हणून हे मेले असते. तेही नकोच." मग त्या खिडकीतून पायरीवरच्या पाठीकडे बघत राहिल्या आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "सांगलीला हे इंजिनियरिंगला होते. मी टायपिंगच्या क्लासला जायचे. लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. हे मला डबलसीट सोडायचे."

"म्हणजे ते एकदा बसले होते म्हणता ते..."

"तेच. तेव्हा दोन भीती. डबलसीटला पोलीस पकडायचा, आणि ओळखीचं कोणी बघितलं तर घरी मार. हे पुढे बघून चालवणार, मी कॅरिअरवर बसून चहूकडे लक्ष ठेवणार. पोलीस दिसला की ह्यांच्या पाठीवर एक थाप. ओळखीचं माणूस दिसलं की दोन. दोन थापा पडल्या की हे ब्रेक मारायचे, मी टुणकन उतरायचे आणि अशी चालायला लागायचे, की ह्या सायकलवाल्याला मी जन्मात पाहिलेलं नाही." त्या हसल्या, मग पदर नसलेल्या खांद्यावरून सवयीने हात फिरवला. "तो कालव्यावरचा सायकलवाला किती वाजता उघडतो गं?"

"दोनला."

"चल माझ्याबरोबर. मला फ्रेंच येत नाही."

मलाही येत नव्हतं, पण दोघींनी मिळून हातवारे केले आणि दुपारी आम्ही दोन सीटची, दोन हँडलची एक लांबलचक सायकल ढकलत अंगणात आणली. मागची दांडी लेडीज सायकलसारखी खाली होती, ते काकूंनी आधी तपासून घेतलं होतं. काका पायरीवरून उठले. त्यांनी सायकलकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काकूंनी पंजाबी ड्रेसच्या सलवारीला कपड्यांचे चिमटे लावले होते.

"हे काय?" काका म्हणाले.

काकू त्यांच्या समोर आल्या, तोंड नीट दिसेल अशा, आणि स्पष्ट म्हणाल्या, "डबलसीट. एक थाप म्हणजे गाडी. मी थांबा म्हणेन तिथे थांबायचं. आणि स्मशानातलं पाणी प्यायचं नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मग पाना आणून काकूंची सीट खाली करायला बसले आणि पाना तीन वेळा हातातून निसटला.

पहिल्यांदा ते अंगणातच गुलाबात गेले. दुसऱ्यांदा फाटकाला धडकले. शेजारचे आजोबा ग्लास घेऊन हजर होतेच. तिसऱ्यांदा मी मागून जोरात ढकललं आणि ते निघाले, झोकांड्या खात, काकूंच्या "अहो, सावकाश! अहो!" या आरोळ्यांसकट, ज्यातली एकही पुढे पोचत नव्हती. पांढऱ्या रस्त्याला लागेपर्यंत सायकल सरळ झाली होती. मी माझ्या सायकलवर मागून चालले होते. मला ट्रॅक्टर ऐकू आला आणि मी सवयीने तोंड उघडलं, पण काकूंचा हात आधीच त्या पांढऱ्या शर्टावर गेला होता. एक थाप. काकांचा डावा हात वर गेला आणि सायकल शहाण्यासारखी कडेला झाली. ट्रॅक्टर गेला. त्या दुपारी काकांनी एकाही गाईला हात केला नाही. गरजच नव्हती.

संध्याकाळी काकूंनी स्वतः फ्रिस्कोला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. पलीकडे आधी रडणं, मग ओरडणं. "आई, आर यू सीरियस? यू डोंट ईव्हन नो हाउ टू राइड अ बाइक!"

"मागे बसायला यावं लागत नाही," काकू म्हणाल्या. "लक्ष ठेवावं लागतं. ते मला येतं."

परत आल्यावर काकांनी तशीच एक लांब सायकल विकत घेतली आणि कानाची मशीनही घेतली, फ्रिस्को स्वतः विमानाने येऊन त्यांना तपासायला घेऊन गेली. घरात मशीन उत्तम चालते, शिट्ट्या पुन्हा काका मोजतात. सायकलवर मात्र वाऱ्याने कानात लूमचा कारखाना सुरू होतो म्हणून ती खिशात. माझ्यानंतर आलेल्या भाडेकरूला कोणी ओरडून दाखवायला सांगितलं नाही, असं ऐकलं. मला थोडं वाईटच वाटलं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी हर्नडनहून त्यांना भेटायला निघाले. न कळवता. हायवे सोडला आणि मुद्दाम खोऱ्यातल्या रस्त्याने गेले. मक्याची कापणी झालेली, डोंगर तांबडे झालेले. एका वळणानंतर पुढे ती लांब सायकल दिसली. पुढे पांढरा शर्ट, मागे निळा स्वेटर आणि त्यावर घट्ट बांधलेली ओढणी. मी गाडीचा वेग कमी केला. आता मागून येणारी गाडी मीच होते.

काकूंची मान किंचित वळली. थाप पडली. डावा हात वर, सायकल कडेला. रस्ता मोकळा होता, पण मी पुढे गेले नाही. पुढच्याला गाठायचं नाही. तो पुढे आहे कारण तो आधी निघाला. मी तशीच हळूहळू मागे राहिले. मग काकूंना शंका आली असावी. त्यांनी या वेळी पूर्ण मागे वळून, डोळे बारीक करून, काचेतून मला बघितलं.

आणि काकांच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

ब्रेक लागले. काकू मागच्या सीटवरून उतरल्या, गुडघ्याला हात लावत, पण बऱ्याच झोकात. ओढणी सारखी केली आणि रस्त्याच्या कडेने तरातरा चालायला लागल्या, मान वर, नजर समोर, त्या सायकलवाल्याला जन्मात पाहिलेलं नसल्यासारख्या. काका एक पाय टेकून उभे होते. ते मागे वळले नाहीत. फक्त त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ हसण्याने गदगदत होती. मी गाडी बंद केली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडता रडता इतकी हसले की हॉर्न वाजला. काकू दचकल्या. काकांना अर्थातच तो ऐकू आला नाही.